कर्करोग संशोधनाच्या परिषदेला पहिल्यांदा जाताना : ॲबस्ट्रॅक्टच्या डेडलाइनपासून पोस्टर उतरवेपर्यंत

एप्रिलमध्ये होणाऱ्या परिषदेचा विचार बरेच जण फेब्रुवारीत सुरू करतात. तोवर ॲबस्ट्रॅक्ट (आपल्या कामाचा छोटा सारांश) घेणे नोव्हेंबरमध्येच थांबलेले असते. मग उरते श्रोता म्हणून नाव नोंदवणे, तेही वाढीव दराने. बायोमेडिकल परिषदांचे सगळे गणित ॲबस्ट्रॅक्टच्या शेवटच्या तारखेभोवती फिरते. प्रवास-अनुदान, व्हिसा, सहलेखकांची संमती, पेटंट, पोस्टरची छपाई, सगळे तिच्याशी बांधलेले असते. पीएचडीचे विद्यार्थी, पोस्टडॉक, ऑन्कॉलॉजीतले निवासी डॉक्टर, किंवा पहिल्यांदाच स्वतःचा डेटा घेऊन बाहेर पडणारे कुणीही असाल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या.

१. आधी काम बघा, मग परिषद निवडा

मोठ्या परिषदांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात, पण कोणत्या ठिकाणी कोणते काम शोभते हे नवख्यांना कळत नाही आणि तिथेच पहिला घोटाळा होतो.

प्रयोगशाळेतले काम, म्हणजे पेशी, उंदीर, जनुके, रेणू, ट्यूमरचा परिसर, नवी लक्ष्ये, यासाठी अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्च म्हणजे एएसीआरचे वार्षिक अधिवेशन. १९०७ साली स्थापन झालेली ही संस्था आपले अधिवेशन बहुधा एप्रिलमध्ये भरवते आणि तिथे वीस हजारांहून अधिक लोक येतात. रुग्णांवरच्या चाचण्या, उपचारांचे निकाल, दुष्परिणाम, जीवनमान यांसाठी अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी, म्हणजे ॲस्को. मेच्या शेवटी ते जूनच्या सुरुवातीला शिकागोत. युरोपात तेच स्थान एस्मोचे, म्हणजे युरोपियन सोसायटी फॉर मेडिकल ऑन्कॉलॉजीचे. तिचे अधिवेशन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दरवर्षी वेगळ्या शहरात. रक्ताच्या कर्करोगावर काम असेल तर डिसेंबरमधली ॲश, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी. स्तनाच्या कर्करोगासाठी डिसेंबरमध्येच सॅन अँटोनियोची परिषद. फुप्फुसासाठी वर्ल्ड कॉन्फरन्स ऑन लंग कॅन्सर, रेडिएशनसाठी ॲस्ट्रो, म्हणजे अमेरिकन सोसायटी फॉर रेडिएशन ऑन्कॉलॉजी. कर्करोग-नियंत्रणाची धोरणे, तपासणी मोहिमा, नोंदवह्या असे काम असेल तर यूआयसीसीची, म्हणजे युनियन फॉर इंटरनॅशनल कॅन्सर कंट्रोलची, वर्ल्ड कॅन्सर काँग्रेस. ती दर दोन वर्षांनी असते.

या गर्दीच्या जत्रांपलीकडे छोट्या परिषदा आहेत आणि पहिल्या खेपेस त्यांचा विचार जरूर करा. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्स १९३१ पासून चालू आहेत. एका विषयावर सुमारे दोनशे माणसे आठवडाभर एकत्र राहतात. तिथे थेट नोंदणी होत नाही. अर्ज करावा लागतो आणि संयोजक निवड करतात. अप्रकाशित काम मांडण्याचा संकेत आहे, त्यामुळे फोटो, ध्वनिमुद्रण आणि ऐकलेल्या माहितीचा जाहीर उल्लेख वर्ज्य. बऱ्याच गॉर्डन परिषदांच्या आधी शनिवार-रविवारी विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांचे वेगळे गॉर्डन रिसर्च सेमिनार असते, तिथे बोलण्याची संधी नवख्यांनाही मिळते. कीस्टोन सिम्पोझिया, कोल्ड स्प्रिंग हार्बर आणि हायडेलबर्गच्या ईएमबीएल (युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरी) या प्रयोगशाळेच्या बैठका याच जातकुळीतल्या.

रोखठोक सांगायचे तर, मोठ्या परिषदेत तुमचे पोस्टर हजारो पोस्टरांतले एक असते. नोकरी शोधायची असेल, कंपन्यांना भेटायचे असेल, क्षेत्राचा एकूण आवाका बघायचा असेल तर तिथे जा. तुमच्या प्रयोगातली खोट कुणीतरी तुम्हाला समोर बसून दाखवावी असे वाटत असेल तर छोटी परिषद गाठा.

२. खोटी परिषद ओळखा

कर्करोग हा विषय बनावट परिषदांना फार प्रिय आहे. एखादा शोधनिबंध छापून आला की आठवडाभरात 'आदरणीय प्रोफेसर' म्हणत बीजभाषणाचे निमंत्रण ईमेलवर येते, मग तुम्ही दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी का असेना. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये ओमिक्स या प्रकाशक-समूहावर फसवणुकीचा दावा लावला होता. परिषदांच्या जाहिरातींत नामवंत संशोधकांची नावे त्यांच्या संमतीविना वापरणे हाही त्यातला एक आरोप होता. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या समूहाविरुद्ध ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला. तरीही धंदा थांबलेला नाही, नावे बदलतात इतकेच.

खुणा अशा:
- ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्यापासून एक-दोन दिवसांत 'स्वीकृत'. खऱ्या परिषदेत परीक्षणाला आठवडे लागतात.
- एकाच परिषदेत ऑन्कॉलॉजी, नर्सिंग, नॅनोतंत्रज्ञान, दंतवैद्यक आणि पोषण.
- डेडलाइन सारखी पुढे ढकलली जाते आणि दर वेळी ती 'शेवटची संधी' असते.
- नाव खऱ्या परिषदेशी मिळतेजुळते, पण मागे कोणती सदस्य-संस्था आहे याचा पत्ता नाही.
- निमंत्रित वक्त्यालाच पूर्ण शुल्क भरायला सांगितले जाते.

तपासायची पद्धत सोपी आहे. गेल्या वर्षीचा तासवार कार्यक्रम मागा. समितीतल्या एकाला त्याच्या संस्थेच्या ईमेलवर, परिषदेच्या साइटवरच्या पत्त्यावर नव्हे, विचारा की तुम्ही खरेच यात आहात का. ॲबस्ट्रॅक्ट कुठे छापले जातात ते बघा: एएसीआरचे कॅन्सर रिसर्चच्या पुरवणीत, ॲस्कोचे जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत, एस्मोचे ॲनल्स ऑफ ऑन्कॉलॉजीत, ॲशचे ब्लडमध्ये येतात. 'थिंक, चेक, अटेंड' नावाची मोफत प्रश्नावली आहे, तीही वापरा.

३. कॅलेंडर उलटे मोजा

ॲबस्ट्रॅक्टची मुदत परिषदेच्या चार ते सहा महिने आधी संपते. साधारण चक्र असे: एएसीआरसाठी नोव्हेंबर, ॲस्कोसाठी जानेवारीचा शेवट, एस्मोसाठी मे, ॲशसाठी जुलैअखेर-ऑगस्ट. नेमकी तारीख दरवर्षी सरकते, म्हणून ती त्या संस्थेच्या अधिकृत साइटवरूनच घ्या; इतरांनी बनवलेल्या 'आगामी परिषदां'च्या याद्यांत जुन्या तारखा राहून जातात.

डेडलाइनपासून मागे असे चला:
- आठ आठवडे आधी: कोणता डेटा जाणार ते ठरवा. क्लिनिकल कामात डेटा-कटऑफची तारीख लिहून ठेवा आणि त्यानंतरच्या नोंदी त्यात मिसळू नका.
- चार आठवडे आधी: पहिला मसुदा गाईडच्या हातात.
- तीन आठवडे आधी: सगळ्या सहलेखकांना. औषध कंपनी प्रायोजक असेल तर तिच्याकडेही आत्ताच, कारण कंपन्यांचे अंतर्गत परीक्षण अनेक आठवडे चालते आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते.
- एक आठवडा आधी: पोर्टलवर खाते उघडून सर्व लेखकांची नावे, संस्था, ईमेल भरून ठेवा. वीस लेखकांचे हितसंबंध-जाहीरनामे शेवटच्या रात्री गोळा होत नाहीत.
- दोन दिवस आधी: सबमिट. पोर्टलवर 'ड्राफ्ट' म्हणून जतन झालेला ॲबस्ट्रॅक्ट पाठवला गेला असे धरू नका. पोचपावतीचा ईमेल आणि क्रमांक आला तरच तो गेला.

मुदतीची वेळ त्या देशाच्या घड्याळाने असते, अमेरिकी संस्थांत बहुधा पूर्व किनाऱ्याच्या. ती आपल्या वेळेत बदलून, उन्हाळी वेळेचा तासभर धरून, कॅलेंडरमध्ये टाका.

'लेट-ब्रेकिंग' हा शब्द अनेकांना फसवतो. उशिरा जागे झालेल्यांसाठी ठेवलेली ती खिडकी नाही. नियमित मुदतीपर्यंत हाती येणे शक्यच नव्हते अशा, क्षेत्राला दखल घ्यावी लागेल अशा निकालांसाठी ती असते. शिवाय नियम जागोजागी वेगळे. एएसीआरमध्ये तिची वेगळी, नंतरची मुदत असते. ॲस्कोत मात्र नियमित मुदतीच्या आतच जागा राखणारा ॲबस्ट्रॅक्ट पाठवावा लागतो आणि अंतिम आकडे नंतर भरायचे असतात. हे माहीत नसल्याने मोठ्या चाचण्यांचेही वर्ष वाया जाते.

चाचणी चालू आहे पण निकाल नाहीत, अशांसाठी बऱ्याच ठिकाणी 'ट्रायल्स इन प्रोग्रेस' हा वेगळा विभाग असतो. तिथे फक्त रचना मांडायची. निकालाचा एखादा आकडा चुकून गेला तरी ॲबस्ट्रॅक्ट बाद होऊ शकतो.

४. ॲबस्ट्रॅक्ट : अडीच हजार अक्षरांत काय मावते

अक्षरमर्यादा परिषदेगणिक बदलते, पण दोन ते चार हजारांच्या दरम्यान असते. त्यात मोकळ्या जागा, शीर्षक आणि तक्ता धरतात की नाही हे आधी वाचा. तक्ता कधीकधी ठरावीक अक्षरे खाऊन जातो. परीक्षकापुढे असे डझनावारी ॲबस्ट्रॅक्ट असतात आणि प्रत्येकाला मिळतात काही मिनिटे. म्हणून वाटणी अशी ठेवा: पार्श्वभूमी दोन-तीन वाक्ये, पद्धत पाव भाग, निकाल निम्मा, निष्कर्ष दोन वाक्ये. 'कर्करोग हे जगभरातील मृत्यूचे प्रमुख कारण आहे' या वाक्याने सुरुवात करू नका. ते परीक्षकाला माहीत आहे आणि तुमची शंभरेक अक्षरे गेली.

निकालाचे वाक्य कसे असावे, ते नमुन्यादाखल आकडे घेऊन बघू.

कच्चे: 'औषधामुळे ट्यूमरच्या वाढीत लक्षणीय घट झाली (पी < ०.०५).'

पक्के: 'एकविसाव्या दिवशी ट्यूमरचे सरासरी आकारमान नियंत्रण गटात ९८० घन मिमी, औषध गटात ४१० घन मिमी होते (प्रत्येक गटात १० उंदीर, पी = ०.००३), वजनात घट दिसली नाही.'

दुसऱ्या वाक्यात किती प्राणी, कोणता दिवस, किती फरक आणि विषारीपणाचे काय, ही चारही उत्तरे आहेत. पहिल्यात एकही नाही.

'एन' (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) म्हणजे काय, यावर सर्वाधिक घसरगुंडी होते. एका प्लेटमधल्या एकाच पेशींच्या तीन विहिरी (वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे) मोजल्या तर एन तीन होत नाही, एकच राहतो. त्या तीन विहिरींतला फरक तुमच्या पिपेटचा आहे, जीवशास्त्राचा नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर प्रयोग तीनदा झाला तर एन तीन. तसेच एका उंदराच्या दोन्ही बाजूंना ट्यूमर लावले तर ते दोन स्वतंत्र नमुने ठरत नाहीत. परीक्षक त्रुटी-रेषा (एरर बार) फारच अरुंद दिसल्या की पहिली शंका हीच घेतो.

पेशी-मालिका वापरली असेल तर तिची एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख) आणि मायकोप्लाझ्मा चाचणी (जिवाणू-संसर्गासाठी) झाली आहे असा अर्ध्या ओळीचा उल्लेख टाका. एमडीए-एमबी-४३५ ही मालिका वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि निघाली एम१४ या मेलानोमाची. तेव्हापासून लोक सावध असतात.

क्लिनिकल ॲबस्ट्रॅक्टमध्ये हे हवेच: चाचणीचा नोंदणी क्रमांक, रुग्णसंख्या, डेटा-कटऑफ, पाठपुराव्याचा मध्यक काळ, प्राथमिक निकष कोणता होता, प्रतिसाद रेसिस्ट १.१ (ट्यूमरच्या आकारातला बदल मोजण्याचे निकष) नुसार मोजला का, दुष्परिणामांसाठी सीटीसीएईची (त्यांच्या प्रतवारीची ठरलेली यादी) कोणती आवृत्ती. प्रत्येक परिणामासोबत ९५ टक्के विश्वास-मर्यादा द्या. हॅझर्ड रेशो (दोन गटांतल्या धोक्याचे गुणोत्तर) ०.७० आणि मर्यादा ०.४८ ते १.०२ अशी असेल तर 'जगण्याचा काळ वाढला' असे लिहू नका. वरची मर्यादा १ ओलांडून गेली आहे, म्हणजे फरक नसण्याची शक्यता उरते. यादृच्छिक चाचणीसाठी २००८ साली प्रसिद्ध झालेली कन्सॉर्टची (चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याचे मार्गदर्शक) ॲबस्ट्रॅक्टसाठीची यादी समोर ठेवली तर काही सुटत नाही.

रुग्णालयातल्या जुन्या नोंदींवरचे काम नवख्यांकडून सर्वाधिक येते आणि त्यात एक चूक वारंवार दिसते. 'ज्यांनी देखभाल-उपचार (मुख्य उपचारानंतर चालू ठेवलेले) घेतले ते न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले' असा निष्कर्ष निघतो. पण देखभाल-उपचार सुरू होण्यासाठी रुग्ण आधी सहा-आठ महिने जिवंत राहिलेला असावा लागतो. जे त्याआधीच गेले ते आपोआप दुसऱ्या गटात पडले. हा फरक औषधाने घडवलेला नाही, मोजणीने घडवला आहे. उपाय असा: एक ठरावीक टप्पा, समजा निदानापासून सहा महिने, घ्या, त्या दिवशी जिवंत असलेल्यांचीच तुलना करा आणि गट त्या दिवशीच्या स्थितीनुसार ठरवा. संख्याशास्त्रज्ञाला मसुदा पाठवण्याआधी भेटा, नंतर भेटून उपयोग होत नाही.

शेवटच्या तीन तपासण्या: बीटा, म्यू, गामा अशी ग्रीक चिन्हे पोर्टलवर चौकोन होऊन तर बसली नाहीत ना, ते प्रूफ-प्रतीत बघा. 'निकाल परिषदेत सादर केले जातील' हे वाक्य काढा. ते वाचून बहुतेक समित्या नकार देतात. आणि विषय-विभाग विचारपूर्वक निवडा. इम्युनोथेरपीच्या गर्दीत दुर्लक्षित राहणारे काम बायोमार्कर विभागात उठून दिसू शकते, कारण परीक्षक विभागावरूनच नेमले जातात.

५. पाठवण्याआधी पेटंट आणि एम्बार्गो

नव्या रेणूची रचना, निदान-चाचणीचा संच, यंत्र, असे काही हाती असेल तर संस्थेच्या तंत्रज्ञान-हस्तांतरण कार्यालयाला ॲबस्ट्रॅक्टच्या आधी भेटा. युरोपात जाहीर प्रकटीकरणानंतर नावीन्य संपते, सवलतीचा काळ साधारणतः नाही. अमेरिकेत बारा महिने मिळतात. पोस्टर म्हणजे कुठे प्रकाशन, असे समजू नका: १९९८ मध्ये दोन बैठकांत मिळून जेमतेम तीन दिवस लावलेले पोस्टर, ज्याच्या प्रतीही वाटल्या नव्हत्या, पेटंटच्या दृष्टीने प्रकाशनच ठरते असा निर्णय अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००४ मध्ये दिला.

एम्बार्गो म्हणजे ठरलेल्या क्षणापर्यंत निकाल बाहेर न फोडण्याचे बंधन. ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचे पत्र आल्याच्या आनंदात समाजमाध्यमावर आलेखासह पोस्ट टाकली की ते मोडते आणि ॲबस्ट्रॅक्ट काढूनही टाकला जाऊ शकतो. 'निवड झाली' एवढे लिहायला सहसा हरकत नसते, आकडे नकोत. बायोआर्काइव्ह किंवा मेडआर्काइव्हवर प्रीप्रिंट (परीक्षण होण्याआधीचा निबंध) टाकायचा असेल तर त्या परिषदेचे धोरण आधी वाचा. नियतकालिकांचे भय मात्र फारसे बाळगू नका. परिषदेतला ॲबस्ट्रॅक्ट किंवा पोस्टर हे पूर्ण निबंधाच्या आड येत नाही, हे बहुतेक वैद्यकीय नियतकालिकांना मान्य आहे.

तेच काम दुसऱ्या परिषदेत पुन्हा मांडता येते का? काही ठिकाणी आधी मांडल्याचे जाहीर केले तर चालते, काही ठिकाणी अजिबात नाही. लपवू नका, शीर्षक शोधले की सापडते.

६. कागदपत्रे आणि पैसे

एका फोल्डरमध्ये हे ठेवा:
- परतीच्या तारखेनंतर सहा महिने वैध असलेला पासपोर्ट
- ॲबस्ट्रॅक्ट स्वीकृतीचे पत्र आणि क्रमांक
- नोंदणीची पावती
- परिषदेचे निमंत्रण-पत्र, नाव पासपोर्टवर आहे तसेच्या तसे
- संस्थेचे रजा-मंजुरी आणि ना-हरकत पत्र
- खर्च कोण करणार याचे पत्र, बँकेचे विवरण
- विद्यार्थी किंवा प्रशिक्षणार्थी असल्याचे प्रमाणपत्र (सवलतीच्या दरासाठी)
- नीतिमत्ता समितीच्या मंजुरीचा क्रमांक
- ऑर्किड (ओआरसीआयडी) हा संशोधकाचा ओळख-क्रमांक
- प्रवास-विमा, शेंगेन देशांसाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण अपॉइंटमेंट मिळण्यातच वेळ जातो, म्हणून पंधरा दिवसांवर विसंबू नका. अमेरिकेत परिषदेसाठी बी-१ व्हिसा चालतो. मुलाखतीची रांग लांब असेल तर ॲबस्ट्रॅक्टच्या उत्तराची वाट न बघता तारीख घेऊन ठेवा.

प्रवास-अनुदानाचा अर्ज पुष्कळ ठिकाणी ॲबस्ट्रॅक्टसोबतच, त्याच पोर्टलवर एका चौकटीत खूण करून करायचा असतो. ती चौकट नजरेतून सुटली की वर्ष गेले. काही परिषदा ॲबस्ट्रॅक्टसाठी परत न मिळणारे शुल्क घेतात, काही ठिकाणी सदस्याची शिफारस लागते, तर काही ठिकाणी एका व्यक्तीला पहिला लेखक म्हणून एकच ॲबस्ट्रॅक्ट पाठवता येतो. सदस्य-शुल्क आणि सदस्याचा नोंदणी दर यांची बेरीज अनेकदा बिगरसदस्य दरापेक्षा कमी भरते. आधी हिशेब करा. ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारला म्हणजे नोंदणी झाली असे कुठेही नसते, ती वेगळी करावी लागते.

नोंदणीनंतर 'परिषदेचे अधिकृत हॉटेल-एजंट' म्हणून फोन किंवा ईमेल आले तर कार्डाचा क्रमांक देऊ नका. खोली फक्त परिषदेच्या साइटवरच्या दुव्यावरून किंवा थेट हॉटेलकडून घ्या. 'उपस्थितांची यादी विकत घ्या' असे ईमेलही त्याच पोत्यातले.

७. पोस्टर

सूचना-पत्रकात फलकाचे माप असते, ते पोस्टरचे माप समजू नका. युरोपात बहुधा उभा ए-झीरो चालतो: ८४.१ × ११८.९ सेंमी. अमेरिकेत आडवे फलक जास्त, चार फूट बाय आठ फुटांपर्यंत. उभ्या फलकावर आडवे पोस्टर दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याच्या अंगणात जाते, आणि मग ते गुंडाळून अर्धेच लावावे लागते.

पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडची लांबी ५६ इंचांच्या पुढे जात नाही. त्याहून लांब पोस्टर हवे तर अर्ध्या मापात बनवा आणि छापणाऱ्याला दोनशे टक्के मोठे करायला सांगा; अक्षरांची मापेही मग अर्धीच धरायची. छापील मापात शीर्षक ८५ पॉइंटच्या पुढे, मथळे ४० च्या आसपास, मजकूर २८ ते ३२, आणि २४ च्या खाली काही नको. आलेख २५ सेंमी रुंद छापायचा तर त्याची प्रतिमा किमान १,५०० पिक्सेल रुंद हवी, ३,००० असेल तर उत्तम. वेबपानावरून उचललेला संस्थेचा लोगो हमखास फाटतो. मूळ व्हेक्टर फाइल मागून घ्या. फ्लुओरेसन्सची चित्रे लाल-हिरव्याऐवजी मजेंटा-हिरव्यात द्या, म्हणजे रंगभेद न जाणवणाऱ्यांनाही ती वाचता येतील.

मजकूर कमी करा. मग आणखी कमी करा. मुख्य निष्कर्ष एका वाक्यात मधोमध मोठ्या अक्षरांत मांडायची रचना २०१९ नंतर बरीच रुळली आहे. ती हुबेहूब उचलायची गरज नाही, पण दोन मीटरवरून जाणाऱ्याला निष्कर्ष कळला पाहिजे ही तिच्यातली गोष्ट खरी. ॲबस्ट्रॅक्ट पोस्टरवर पुन्हा छापू नका. कॅप्लान-मायर (काळासोबत किती रुग्ण जिवंत राहिले ते दाखवणाऱ्या) आलेखाखाली 'धोक्यात असलेल्यांची संख्या' ही ओळ हवीच, तिच्याशिवाय आलेखाची शेपटी दोन रुग्णांवर उभी आहे की दोनशे, ते कळत नाही.

कापडी पोस्टर घडी करून सामानात मावते. कागदी नळकांडे विमानात अडवले जाऊ शकते. काहीही छापले तरी पीडीएफ फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर ठेवा. ई-पोस्टरची अपलोड-मुदत वेगळी असते आणि परिषदेच्या आधीच संपते.

८. तोंडी सादरीकरण मिळाले तर

अनेक ठिकाणी दहा मिनिटे बोलणे आणि पाच मिनिटे प्रश्न. दहा मिनिटांना दहा स्लाइड पुरतात. दुसरी स्लाइड हितसंबंधांच्या जाहीरनाम्याची. ती काही सेकंद तरी स्थिर ठेवा. फाइल स्पीकर-रेडी खोलीत आदल्या दिवशी देऊन तिथल्याच संगणकावर उघडून बघा, विशेषतः व्हिडिओ आणि फॉन्ट. दिवा लाल झाल्यावर बोलत राहू नका, अध्यक्ष थांबवतात आणि निष्कर्षाची स्लाइड दाखवायची राहून जाते.

९. परिषदेच्या दिवसांत

ॲपमध्ये कार्यक्रम महिनाभर आधी येतो. रोज दोन सत्रे 'काहीही झाले तरी' अशी ठरवा, बाकी मोकळे ठेवा. सगळीकडे धावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पूर्ण-सभेतली भाषणे नंतर ध्वनिचित्रमुद्रित मिळतात. पोस्टर-सत्र मात्र पुन्हा मिळत नाही, तेव्हा निवड करायची वेळ आली तर पोस्टर निवडा. ज्यांना भेटायचे त्यांना दोन आठवडे आधी तीन ओळींचा ईमेल करा: तुम्ही कोण, तुमच्या पोस्टरचा क्रमांक आणि वेळ, एक नेमका प्रश्न. 'कॉफी घेऊया का' यापेक्षा 'तुमच्या निबंधातल्या अँटिबॉडीचा कोणता क्लोन वापरला होता' याला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

पोस्टरपाशी ठरलेल्या वेळी उभे राहा आणि दोन मिनिटांचे निवेदन पाठ नसले तरी पक्के ठेवा: प्रश्न, काय केले, काय सापडले, काय अडले. 'काय अडले' सांगितले की समोरचा बोलू लागतो. कुणी खोदून विचारले आणि उत्तर नसेल तर 'ते अजून तपासलेले नाही' असे म्हणा आणि प्रश्न त्याच क्षणी वहीत टिपा. निबंधाचा परीक्षक नंतर नेमके तेच विचारतो. दुसऱ्याच्या पोस्टरचा फोटो विचारूनच काढा, आणि स्वतःच्या पोस्टरवर फोटो चालणार नसेल तर तशी खूण कोपऱ्यात लावा.

प्रदर्शन-दालनात बिल्ला स्कॅन करू दिला की तुमचा ईमेल त्या कंपनीकडे जातो. हवे तिथेच द्या. सत्राच्या शेवटी पोस्टर वेळेत उतरवा. उरलेली पोस्टरे आयोजक टाकून देतात.

१०. परतल्यावर

पहिल्या आठवड्यात उपस्थिती-प्रमाणपत्र आणि वैद्यकीय शिक्षणाचे क्रेडिट उतरवून घ्या, पोर्टल काही काळाने बंद होते. बोर्डिंग पास, हॉटेलचे बिल आणि नोंदणीची पावती संस्थेत जमा करा. बोर्डिंग पास हरवला तर प्रतिपूर्ती अडते. ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांना कबूल केलेली फाइल किंवा प्रोटोकॉल पाठवा.

मग निबंध. परिषदांतल्या ॲबस्ट्रॅक्टचे पुढे काय होते याचा कॉक्रेनने २०१८ मध्ये आढावा घेतला, तेव्हा त्यातले सुमारे ३७ टक्केच पूर्ण निबंध म्हणून छापले गेल्याचे दिसले. लेखकांनी दिलेले सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे वेळ मिळाला नाही. पोस्टरच्या आकृत्या तयार असतात, प्रश्नांची यादी वहीत असते आणि सहलेखकांच्या डोक्यात विषय ताजा असतो. परतीच्या तारखेपासून सहा आठवड्यांवर पहिल्या मसुद्याची तारीख टाका आणि ती गाईडसह सर्वांच्या कॅलेंडरमध्ये जाऊ द्या. निबंध पाठवताना सोबतच्या पत्रात काम कोणत्या परिषदेत मांडले ते आणि ॲबस्ट्रॅक्टचा क्रमांक लिहा, आणि दोन्हींकडचे आकडे वेगळे असतील तर कटऑफची तारीख बदलल्याचे स्पष्ट नोंदवा.